ब्रोकरेज शून्य, मग पैसे गेले कुठं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. जून-जुलैत रिटर्न भरायला आलेली माणसं उठता उठता मोबाइलवरचं शेअरचं ॲप पुढं करतात आणि म्हणतात, "हे एवढं बघा की जरा." उरलेले रात्री जेवण झाल्यावर फोटो पाठवतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले, की शेवटी उत्तरं एकदा लिहून काढली. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. ॲपवर "झिरो ब्रोकरेज" लिहिलंय, तरी पैसे कापतात. ही फसवणूक नाही का?

नाही. ब्रोकरेज म्हणजे फक्त ब्रोकरची मजुरी. मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरले, की शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी येते. अडत्यानं उद्या "माझी अडत सोडली" म्हटलं, तरी हमाली आणि तोलाई राहतेच, कारण ते पैसे त्याच्या खिशात जात नाहीत. शेअरचंही तसंच आहे. एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा कर, केंद्र सरकारला जातो, मुद्रांक शुल्क राज्याला, व्यवहार शुल्क एक्स्चेंजला (शेअर बाजाराला), उलाढाल शुल्क सेबी या बाजार नियामकाला. ब्रोकर यातलं काहीही माफ करू शकत नाही, तो फक्त गोळा करून पुढं भरतो.

माझी तक्रार जाहिरातीबद्दल आहे. "झिरो" मोठ्या अक्षरात आणि "इतर शुल्क लागू" मुंगीएवढ्या अक्षरात. शिवाय काही आकार ब्रोकरचे स्वतःचेच असतात, फक्त त्यांचं नाव ब्रोकरेज नसतं. ते प्रश्न ५, ८, १२ आणि १३ मध्ये आलेत.

२. डिलिव्हरीला नेमकं काय काय लागतं? दर सांगा.

डिलिव्हरी म्हणजे शेअर घेऊन डिमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात, ठेवणं. त्याला एसटीटी घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का. मुद्रांक शुल्क फक्त घेताना, ०.०१५ टक्के. एक्स्चेंजचं व्यवहार शुल्क दोन्ही वेळा; एनएसई या एक्स्चेंजवर ते लाखाला साधारण तीन रुपये पडतं. सेबीचं शुल्क कोटीला दहा रुपये, म्हणजे लाखाला दहा पैसे. जीएसटी १८ टक्के, पण तो फक्त ब्रोकरेज, व्यवहार शुल्क आणि सेबी शुल्कावर. एसटीटी आणि मुद्रांक शुल्कावर जीएसटी नाही. विकताना वर डीपी चार्ज, तो प्रश्न ५ मध्ये सांगितलाय.

मुद्रांक शुल्काचा दर १ जुलै २०२० पासून देशभर एकच आहे, पैसे मात्र खरेदीदार राहतो त्या राज्याला जातात. म्हणजे कागलच्या माणसाचे महाराष्ट्राला आणि निपाणीच्या पाहुण्याचे कर्नाटकाला. सीमाभागातल्या एका गिऱ्हाइकाला हे सांगितलं, तर तो पाच मिनिटं त्यावरच बोलत राहिला.

३. एक लाखाचे शेअर घेतले आणि तेवढ्यालाच विकले, तर खिशातून किती गेले?

ब्रोकरेज शून्य धरू. एसटीटी १०० अधिक १०० म्हणजे २०० रुपये. मुद्रांक शुल्क १५. व्यवहार शुल्क दोन्हीचं मिळून ६. सेबीचे २० पैसे. या शेवटच्या दोनवर जीएसटी १ रुपया १२ पैसे. डीपी चार्ज १५ रुपये ३४ पैसे धरला, तर एकूण साधारण २३८ रुपये. म्हणजे भाव पाव टक्क्याच्या आसपास चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच आहात.

यातले २०० रुपये एकट्या एसटीटीचे आहेत. लोक ब्रोकर बदलायचा विचार करतात त्या उरलेल्या रुपयांसाठी.

४. मग ब्रोकर जगतो कशावर? धर्मादाय थोडाच आहे?

डिलिव्हरी फुकट ठेवायची म्हणजे गिऱ्हाईक आत येतं. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) आणि ऑप्शनला (ठरल्या भावानं शेअर घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काचा सौदा) ऑर्डरमागं २० रुपयांच्या आसपास घेतात, त्यावर दुकान चालतं. उधारीवरचं व्याज, डीपी चार्जमधला स्वतःचा वाटा, कर्ज आणि विम्याच्या विक्रीवरचं कमिशन हे आणखी.

पूर्वी अजून एक वाट होती. एक्स्चेंजची व्यवहार शुल्कं टप्प्याटप्प्याची होती. मोठ्या उलाढालीच्या ब्रोकरला कमी दर पडायचा, आपल्याकडून मात्र वरच्या दरानं वसुली व्हायची आणि फरक ब्रोकरकडं राहायचा. सेबीनं जुलै २०२४ मध्ये परिपत्रक काढून हे थांबवलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांना एकच दर लागतो आणि गिऱ्हाइकाकडून घेतलं तेवढंच एक्स्चेंजला पोचलं पाहिजे. ती मिळकत बुडाल्यावर काही ब्रोकरांनी डिलिव्हरीवरही ब्रोकरेज सुरू केलं. त्यामुळं खातं उघडताना शून्य होतं म्हणून आजही शून्यच असेल, असं धरून चालू नका. दरपत्रक बदलल्याची मेल येते, आपण ती उघडत नाही.

५. दोन हजारांचे शेअर विकले तर वीस रुपये गेले. एक टक्का? हे कसं काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शेअर विकले की ते तुमच्या डिमॅटमधून बाहेर काढावे लागतात. त्याचा आकार म्हणजे डीपी चार्ज. तो टक्क्यात नसतो, ठोक असतो. एका कंपनीचा एक शेअर विका नाहीतर दहा हजार विका, त्या दिवसाचा आकार तेवढाच. डिमॅट खाती सांभाळणाऱ्या सीडीएसएल या संस्थेचा स्वतःचा वाटा १ ऑक्टोबर २०२४ पासून साडेतीन रुपये आहे. त्यावर ब्रोकर आपला वाटा चढवतो. बऱ्याच ठिकाणी एकूण १३ ते २० रुपये अधिक जीएसटी होतात. १३ रुपये धरले, तर जीएसटीसकट १५ रुपये ३४ पैसे.

आता दोन हजारांचा हिशेब. घेताना-विकताना मिळून एसटीटी ४ रुपये, मुद्रांक शुल्क ३० पैसे, बाकीचे काही पैसे, आणि डीपी १५.३४. झाले वीस. लाखाच्या व्यवहाराला जो खर्च पाव टक्का पडला, तोच इथं एक टक्का.

मी स्वतः यात सापडलोय. मागच्या दिवाळीआधी घर आवरायला काढलं, तसं डिमॅटही आवरून टाकू म्हटलं. कधीकाळी घेतलेले अकरा कंपन्यांचे किरकोळ शेअर एका दुपारी विकून टाकले. त्यात एका कंपनीचे तीन शेअर होते, चार रुपयांप्रमाणे. बारा रुपये आले, पंधरा रुपये चौतीस पैसे गेले. अकरा कंपन्यांचे मिळून १६८ रुपये ७४ पैसे. बायको म्हणाली, रद्दी घातली असती तर उलट पैसे आले असते. करसल्लागार माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

६. हा डीपी चार्ज काँट्रॅक्ट नोटवर दिसत नाही. लपवतात का?

लपवत नाहीत, त्याची जागा वेगळी आहे. काँट्रॅक्ट नोट ही एक्स्चेंजवरच्या सौद्याची पट्टी. ती चोवीस तासांच्या आत मेलवर येते. डीपी चार्ज हा सौद्याचा नाही, डिमॅट खात्याचा आकार आहे. तो दिसतो लेजरमध्ये, म्हणजे खतावणीत. ॲपमध्ये फंड्स किंवा रिपोर्ट्सच्या पोटात लेजर सापडेल. डिमॅटची वार्षिक फी, उशिराचं व्याज, प्लेज (शेअर तारण ठेवायचा) चार्ज, कॉल करून सौदा केल्याचे पैसेही तिथंच. ॲपच्या पहिल्या पानावर हिरव्या रंगात जो नफा दिसतो, त्यात यातलं बहुधा काहीच वजा झालेलं नसतं.

महिन्यातून एकदा लेजर उतरवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

७. एकाच दिवशी तोच शेअर तीन वेळा विकला तर डीपी तीनदा लागतो का?

एकदाच. दर दिवशी दर कंपनीला एक. पण शंभर शेअर आज पन्नास आणि उद्या पन्नास असे विकलेत तर दोनदा. लहान रक्कम असेल तर एका दिवसात उरकलेलं बरं.

इंट्राडेला डीपी लागत नाही, कारण शेअर डिमॅटपर्यंत पोचतच नाहीत. खात्यावर पहिलं नाव बाईमाणसाचं असेल, तर सीडीएसएल दर विक्रीला २५ पैसे सोडतं.

८. काहीच सौदा केला नाही, तरी खात्यात उणे ८८ रुपये दिसतायत. आणि रोज वाढतायत.

बहुतेक डिमॅटची वार्षिक देखभाल फी, म्हणजे एएमसी. ती कुठं वर्षाला, कुठं तिमाहीला कापतात. आणि खात्यात शिल्लक नव्हती.

शिल्लक का नव्हती, तेही सांगतो. सेबीच्या नियमाप्रमाणं ब्रोकरला तुमचे पडून असलेले पैसे महिन्याला किंवा तिमाहीला बँकेत परत पाठवावे लागतात. "न मागता पैसे कसे आले?" असं विचारणारे फोन त्याचेच. पैसे परत गेले, मागून एएमसी आली, खातं उणे झालं. उणे रकमेवर ब्रोकर व्याज लावतो, दिवसाला ०.०५ टक्के हा दर बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणजे वर्षाला सव्वाअठरा टक्के. ८८ रुपयांवर ते दिवसाला चार-पाच पैसे होतात, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. पण हाच दर पन्नास हजारांच्या उण्यालाही लागतो, तेव्हा दिवसाला २५ रुपये होतात.

९. ही एएमसी टाळता येते का?

लहान गुंतवणूकदाराला येते. बीएसडीए नावाचा साध्या डिमॅट खात्याचा प्रकार आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून त्यात चार लाखांपर्यंतच्या शेअरना फी शून्य आहे आणि चार ते दहा लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. अट अशी, की एकटे किंवा पहिले नाव म्हणून तुमचं सगळीकडं मिळून एकच डिमॅट असावं.

इथंच गाडी अडते. आयपीओत (कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीत) नंबर लागावा म्हणून किंवा कुणीतरी कॅशबॅक देतंय म्हणून लोकांनी तीन-तीन खाती उघडून ठेवलीत. आयपीओचं वाटप पॅन नंबरावर होतं, एका पॅनवरून दोन अर्ज केले तर बाद होतात. जास्तीची खाती बंद करा. कशी, ते प्रश्न १७ मध्ये.

१०. इंट्राडेत रोज शंभर-दोनशे सुटतात, पण महिन्याच्या शेवटी हातात काही राहत नाही.

पन्नास हजारांचे शेअर घेऊन त्याच दिवशी विकले, असं धरू. इंट्राडेला ब्रोकरेज शून्य नसतं. प्रचलित दर ०.०३ टक्के किंवा २० रुपये, जे कमी ते. म्हणजे १५ अधिक १५. एसटीटी फक्त विकताना ०.०२५ टक्के, साडेबारा रुपये. व्यवहार शुल्क ३, मुद्रांक शुल्क दीड रुपया, सेबीचे १० पैसे, जीएसटी जवळजवळ ६. एकूण ५३ रुपये.

पाचशेच्या भावाचे शंभर शेअर असतील, तर शेअरमागं ५३ पैसे सुटल्यावर तुम्ही शून्यावर येता. दिवसाला असे चार सौदे आणि महिन्याला वीस दिवस धरले, तर ४,२४० रुपये झाले, नफा होवो वा तोटा. राजारामपुरीत गाळा घेतलेल्या माणसाला पहिल्या तारखेला भाडं आठवतं. इथं भाडं रोज कापून जातं, म्हणून आठवत नाही.

११. ऑप्शनला फक्त वीस रुपये. मग स्वस्तच की?

प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, किती आहे, त्यावर आहे. दोन हजार रुपये प्रीमियमचा एक लॉट (ठरलेला गठ्ठा) घेतला आणि विकला. ब्रोकरेज ४० आणि त्यावर जीएसटी ७.२०, म्हणजे ४७ रुपये २० पैसे. एवढ्यातच २.३६ टक्के गेले. वर एक्स्चेंजचं शुल्क आणि विकताना प्रीमियमवर एसटीटी. तो १ ऑक्टोबर २०२४ ला ०.०६२५ वरून ०.१ टक्का झाला आणि २०२६ च्या अर्थसंकल्पानं ०.१५ टक्के केला.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जे आकडे प्रसिद्ध केले, त्यानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. २०२३-२४ मध्ये माणशी सरासरी २६,००० रुपये नुसत्या व्यवहारखर्चात गेले. निम्म्याहून थोडा जास्त वाटा ब्रोकरेजचा होता. हे मी समोर बसलेल्या पोरांना दाखवतो. प्रत्येक जण म्हणतो, मी उरलेल्या सातमधला.

एक खाचखळगा: कंपनीच्या शेअरवरचा ऑप्शन नफ्यात असताना मुदत संपेपर्यंत धरला, तर ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्यक्ष शेअर घ्यावे-द्यावे लागतात. मग डिलिव्हरीचा एसटीटी, आणि लॉटच्या पूर्ण किमतीएवढे पैसे उभे करणं आलं. हौसेनं दोन हजार लावणाऱ्याला मुदतीच्या आठवड्यात लाखांचं मार्जिन (अनामत) मागणारा मेसेज येतो, तो याचाच.

१२. एमटीएफमध्ये "चौपट शेअर घ्या" म्हणतात. यात खर्च कुठला?

एमटीएफ म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर शेअर घेणं, आणि खर्च म्हणजे त्याचं व्याज. एक लाखाचे शेअर घेतले, तुमचे २५ हजार, ब्रोकरचे ७५ हजार. दर १४.६ टक्के धरला तर दिवसाला ३० रुपये. शनिवार, रविवार, गणपती, दिवाळी, सगळे दिवस मोजले जातात. पंचेचाळीस दिवस धरलेत तर १,३५० रुपये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या २५ हजारांवर ५.४ टक्के. शेअर जागच्या जागी असला तरी.

बऱ्याच ब्रोकरांकडं एमटीएफच्या सौद्याला डिलिव्हरीची ब्रोकरेजमाफी लागू नसते. प्लेज करण्याचे आणि सोडवण्याचेही पैसे असतात. खरेदीचं बटण दाबताना "डिलिव्हरी" निवडलंय की "एमटीएफ", एवढं बघा. माझ्याकडं आलेल्या एका प्राध्यापकांनी चार महिने चुकून एमटीएफवर शेअर धरले होते. त्यांना वाटत होतं, ॲपनं बक्षीस म्हणून जास्तीची मर्यादा दिलीय.

१३. बाबांना ॲप जमत नाही, ते फोन करून शेअर विकतात. त्याचे वेगळे पैसे का?

डिस्काउंट (स्वस्तातल्या, ॲपवाल्या) ब्रोकरकडं कॉल करून सौदा केला, की ऑर्डरमागं साधारण ५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९. इंट्राडेची पोझिशन तुम्ही स्वतः बंद केली नाही आणि सव्वातीनच्या सुमारास त्यांनी केली, तरी बहुधा तेवढेच. बाबा महिन्यातून दोनदा फोन करत असतील, तर ओळखीचा पूर्ण सेवेचा ब्रोकर बघा. तिथं ब्रोकरेज लागेल, पण माणूस समोर भेटेल.

१४. एनएसईवर स्वस्त पडतं की बीएसईवर?

लाखामागं रुपया-दोन रुपयांच्या आत फरक आहे. त्यापेक्षा घेणाऱ्या-विकणाऱ्यांचे भाव बघा. एखाद्या लहान कंपनीचा घेणाऱ्याचा भाव ४२.१० आणि विकणाऱ्याचा ४२.६० असेल आणि तुम्ही मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकलीत, तर ४२.६० ला घेतलेला शेअर त्याच क्षणी ४२.१० चा झाला. पन्नास पैसे, म्हणजे १.२ टक्के. हे कुठल्याच पट्टीवर किंवा खतावणीत येत नाही. गुजरीत सोनं मोडायला गेल्यावर घेण्याचा आणि देण्याचा भाव वेगळा असतो हे आपल्याला ठाऊक असतं. शेअर घेताना मात्र विसरतो. पातळ उलाढालीच्या शेअरला लिमिट ऑर्डरच (आपण ठरवलेल्या भावाची) टाका.

१५. शेअर विकले आणि "ऑक्शन पेनल्टी" लागली. मी काय गुन्हा केला?

विकलेले शेअर वेळेवर देता आले नाहीत. दोन प्रसंग नेहमीचे. पहिला, हातात नसताना इंट्राडेत आधी विकले आणि शेअरला वरचं सर्किट (दिवसभरात चढायची मर्यादा) लागलं. परत घ्यायला विक्रेताच नाही. दुसरा, सोमवारी घेतलेले मंगळवारी विकले, पण सोमवारच्या विक्रेत्यानंच तुम्हाला शेअर दिले नाहीत, त्यामुळं तुम्ही पुढच्याला देऊ शकला नाही. मग एक्स्चेंज लिलावात ते शेअर विकत घेतं. तिथं भाव २० टक्क्यांपर्यंत चढा पडू शकतो, आणि फरक तुमच्या नावावर. वर्षभराची वाचलेली ब्रोकरेज एका फटक्यात जाऊ शकते.

१६. हे सगळे खर्च इन्कम टॅक्समध्ये वजा होतात का?

डिलिव्हरीचा नफा भांडवली नफा म्हणून दाखवत असाल, तर ब्रोकरेज, व्यवहार शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि मुद्रांक शुल्क धरता येतं. एसटीटी मात्र धरता येत नाही. म्हणजे सगळ्यात मोठा खर्च तोच आणि वजावट त्याचीच नाही. एएमसीही धरू नका. इंट्राडे आणि वायदे-ऑप्शन हे धंद्याचं उत्पन्न, तिथं एसटीटीसकट खर्च वजा होतो.

२३ जुलै २०२४ पासून अल्पमुदतीच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. दीर्घमुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाख रुपयांपर्यंत माफी आणि त्यापुढं १२.५ टक्के. सव्वा लाखाची माफी वापरायला मार्चमध्ये शेअर विकून परत घेणारे बरेच आहेत. चांगली युक्ती आहे, फक्त प्रश्न ३ मधला पाव टक्का आधी मोजा.

१७. जुनं खातं बंद करून शेअर दुसरीकडं न्यायचेत. त्याला किती लागतं?

खातं बंद करून सगळेच्या सगळे शेअर तुमच्याच नावाच्या दुसऱ्या डिमॅटमध्ये न्यायचे असतील, तर हस्तांतराचे पैसे घेता येत नाहीत. अर्जावर "क्लोजर कम ट्रान्सफर" हा पर्याय निवडायचा. खातं चालू ठेवून थोडेच शेअर हलवलेत, तर दर कंपनीमागं आकार लागतो. आणि आधी शेअर स्वतः हलवून मग खातं बंद करायचा अर्ज दिलात, तरी तो लागतोच. लोक घाईत नेमकं हेच करतात. बंद करण्याआधी खरेदीच्या तारखा आणि भाव यांचा रिपोर्ट उतरवून घ्या, नाहीतर पुढच्या जूनला माझ्यासमोर बसून आठवावं लागेल.

१८. अमेरिकेतले शेअर तर खरंच कमिशन-फ्री आहेत म्हणे?

तिथल्या मोठ्या ब्रोकरांनी २०१९ मध्ये कमिशन शून्यावर आणलं, हे खरं. तिथले काही ब्रोकर गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी मोठ्या सौदेबाज कंपन्यांकडं पाठवतात आणि त्याबद्दल त्यांच्याकडून पैसे घेतात. पण कोल्हापुरातून पैसे पाठवणाऱ्याचा खरा खर्च त्याआधीच होतो: रुपयाचे डॉलर करताना बँक भावात वर लावते ते, पैसे पाठवायची फी, आणि परत आणताना पुन्हा भावातला फरक. वर्षाला दहा लाखांपुढं पाठवलेत, तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापला जातो. तो रिटर्नमध्ये परत मिळतो किंवा करात वळता होतो, तोवर पैसे अडकतात.

१९. चुकीचा आकार लावलाय याची खात्री आहे. कुठं जाऊ?

आधी ब्रोकरला मेल करा, फोन नको. लेजरची ओळ आणि त्यांच्याच दरपत्रकातला दर जोडा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. कधी पैसे परत येतात, कधी आपलीच चूक कळते. नाही मिटलं तर सेबीचं स्कोअर्स पोर्टल आहे. तिथं तक्रार गेली, की २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतरही समाधान नसेल, तर स्मार्ट ओडीआरवर ऑनलाइन समेट आणि लवाद.

२०. एका ॲपवर चार लाख नफा दिसतोय, पण काढायला गेलं की "आधी ३० टक्के टॅक्स भरा" म्हणतात. हे कुठलं शुल्क?

कुठलंच नाही. नफ्यावरचा कर पैसे काढण्याआधी ॲपवाल्याच्या खात्यात भरून घेण्याची पद्धत भारतातल्या कुठल्याही नोंदणीकृत ब्रोकरकडं नाही. तुमची गाठ भामट्यांशी आहे आणि ते चार लाख नुसते स्क्रीनवर आहेत. आणखी एक रुपयाही पाठवू नका. आत्ता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ॲपवाल्यांच्या चॅट ग्रुपमध्ये असाल, तर त्यातून बाहेर पडण्याआधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, सायबर पोलिस पहिलं तेच मागतात.